खळदकरांचं टेबल

खडकी. पारा नऊवर.
मखराचा उरलेला थर्माकोल किसून
खळदकर फिनलंडात बर्फ पाडतात.

रणगाडे निघाले तेरा,
हल्ल्याला उरले सहा.
बाकीच्यांच्या पेट्रोलात पाणी.
एकतीस वर्षं वर्कशॉपात फिल्टर धुतलेला माणूस
ही ओळ भरभर उलटतो.

सहांतला एक काडेपेटीच्या काडीला अडतो,
तेच तिथलं झाड.
पायदळाचे वाटाणे मागेच, चिमटीत.
समोर रशियन तोफा, खिळ्यांच्या,
टोकं इकडे.

"काका, आज तरी जिंकवा की."

माकडटोपी कपाळावर सरकवत म्हणतात,
"जिंकणं राहू दे रे.
त्या पिंपाचं झाकण
कुणी उघडं टाकलं, तेवढं कळलं तर बघ."

आणि स्वतःचे तळवे हुंगतात.