सव्वाचौदा

पहाटे साडेपाचला धक्क्यावर बत्तीस कयाक.
प्रत्येक कपाळावर एक दिवा,
कोणी कोणाशी फारसं बोलत नाही.
हर्शल आजचा कोड सांगतो, तो कार्डावर लिहून
मनगटाला बांधायचा.
मासा, मोजपट्टी आणि कोड एकाच फोटोत,
मग मासा परत पाण्यात.
पाच माशांची लांबी. वजन इथे कोणी विचारत नाही.

बक्लर तलाव, टेनेसी, एप्रिलचा तिसरा शनिवार.
काठाला डॉगवुड फुललाय,
पाणी आता हाताला चावत नाही,
म्हणजे बास उथळात आलेत, घरटी करायला.
मोटारबोटींचा तळ जिथे घासेल
तिथे माझी बारा फुटी कयाक शिरते.
बूड पाण्याच्या रेषेखाली,
तलाव मांडीला मांडी लावून बसलेला.

मागच्या रविवारी नेडिनच्या पातेल्यात
प्लास्टिक वितळवून तेवीस किडे ओतले,
काळे, आत निळी चमकी.
"यात पुन्हा ग्रेव्ही होणे नाही," ती म्हणाली.
शाळेच्या बसगाड्यांचे ब्रेक दुरुस्त करतो मी,
माझ्या हातांना बारीक काम जमतं.
शेपटीला नखाएवढा बाक दिला
की भूक आपल्या पायांनी चालत येते,
असं मी मानत आलो.

दहापर्यंत चार मासे.
दोन स्पिनरवर, एक बुंध्याशी जिगवर.
एक रबरी बेडकावर: गवताच्या जाजमावरून ओढत आणताना
बशी फुटावी तसं पाणी फुटलं.
सव्वासतरा, साडेसोळा, पावणेअठरा, पंधरा.
पाचवा मिळेना.

मग ते दिसलं. थाळीएवढी झाडून काढलेली जागा,
खाली गोटे पांढरे,
वर एक नर, जागच्या जागी कल्ले हलवत.
किडा टाकला. तो सरकला.
पुन्हा टाकला. त्याने पाठ फिरवली.
तिसऱ्यांदा घरट्याच्या मधोमध.
त्याने तो ओठांनी उचलला.

मोजपट्टीवर तोंड मिटलेलं हवं, शेपूट चिमटीत.
पहिला फोटो हलला.
दुसऱ्यात कोडवर माझ्या अंगठ्याची सावली.
तिसऱ्याआधी सहज खाली पाहिलं.
ब्लूगिल, तळहाताएवढे, वीसेक,
गवतातून कधी आले कळलं नाही.
डोकी खाली, शेपट्या वर,
पंगत बसली होती.
मी तिसरा फोटो काढला.

सव्वाचौदा.
सोडला तसा तो सरळ त्यांच्यात घुसला,
पाणी गढुळलं,
उरलं किती, ते वरून दिसेना.
पहिल्या फोटोपासून तिसऱ्यापर्यंत
एक मिनिट चाळीस सेकंद. फोन वेळ लिहून ठेवतो.

दुपारी हर्शलने नावं वाचली.
"लोमॅक्स, ऑब्री. पावणेएक्क्याऐंशी."
दुसरी टॅन्सी कॉथ्रन, सतरा वर्षांची, साडेऐंशी.
ती पिकअपशी आली.
"वाकलेल्या सायप्रसखालचा तो तुम्ही धरलात?"
"तुला दिसला होता?"
"सातलाच. सोडून दिला."
मी थांबलो, तिच्या तोंडून काहीतरी ऐकायचं होतं.
तिने खांदे उडवले.
"म्हटलं, पुढे मोठा मिळेल."

सहाशे डॉलर आणि लाकडावर कोरलेला एक बास,
तोंड आ वासून.
आमच्या नियमात त्याचा पाव इंच कापला असता.

रात्री गॅरेजमध्ये डबा आवरताना
तो किडा हातात आला. दाताचा ओरखडासुद्धा नाही.
त्याला भूक नव्हती.
घरात केर पडला होता,
तो बाहेर टाकायला निघाला होता.

नेडिनला सांगायला गेलो, ती झोपली होती.

रविवारी पातेलं तापत ठेवलं.
या खेपेला रंग बदलावा का,
चमकी घालू की नको,
उलथनं हातात धरून बराच वेळ उभा होतो.
मग तोच ठेवला.