अंगठा

फ्रेस्नोतल्या बँकेत टेबलावर कागदांची चळत.
येसेनिया, वय अकरा, आईबापाची दुभाषी,
'एस्क्रो'पाशी अडखळते,
मग सरळ सांगते,
"पैसे मध्येच कुणाकडे तरी थांबतात, पापी."

इलारिओ मान हलवतो.
एकोणीस वर्षं लोकांच्या भिंती
लावून, घासून
बोटं इतकी गुळगुळीत
की नोटरीच्या वहीत
अंगठा उमटेना.
पुन्हा शाई. पुन्हा.

समोरच्या पोस्टरात
त्यांच्यासारखंच कुटुंब हसतंय,
खाली त्यांच्याच भाषेत: या, घर तुमचंच.
गेल्या वर्षी इथे पाटी नव्हती.
बाजाराला आता नावं नीट उच्चारता येतात,
हप्त्यासकट.

किल्ली मिळाली त्या संध्याकाळी
रिकाम्या खोलीत त्यानं आधी
भिंतीवर टिचकी मारली, कान लावला.

"पोकळ वाजतेय," म्हणाला.
"मीच लावली असेल."