उकळीच्या अलीकडे

चाळीस वर्षं मी गूळ आटवला.
फातर्प्याला, शिरगावला, मडकईला,
जिथे जत्रा तिथे आमची कढई
आणि खाज्यांच्या राशीमागे मी,
पाकाची तार दोन बोटांत ताणत.
जीभ लावून बघावं लागलं नाही कधी.

आता डाव्या पायाला चारच बोटं आहेत.
डॉक्टर केरकरबाई म्हणाल्या,
गुळाचं नाव काढू नका, साखरेचंही,
मध म्हणजे पळवाट असं समजू नका.
फळ? हो, फळ चालेल. मुठीएवढं.
मूठ कुणाची, ते मी विचारलं नाही.

विशाखाने मोरजीहून डबा पाठवला.
ती तिथल्या हॉटेलात नाश्त्याचं बघते.
आत हिरवी पूड, रांगोळीहून बारीक,
आणि चिठ्ठी:
बाबा, हा माचा. चहाच आहे,
पण गाळायचा नाही, पान पोटात जातं.
पाणी उकळू द्यायचं नाही.

पाणी उकळू द्यायचं नाही!
हे कुणाला सांगते ही?

पहिल्या दिवशी उकळलंच. हात ऐकेना.
कपात गाठी, कडू जहर.
शेवंतीने वास घेतला आणि म्हणाली,
गोठा विकला तेव्हा वाटलं होतं सुटले.

दुसऱ्या दिवशी पिठाच्या चाळणीतून चाळला.
पातेल्याच्या तळाशी मोहरीएवढे बुडबुडे धरले
आणि तेवढ्यात, श्वास रोखून, उतरवलं.
बांबूची कुंचली कुठून आणू?
ताकाची रवी घेतली.
फेस आला, शेवाळासारखा मऊ.
रवीचा हिरवा डाग अजून गेलेला नाही,
त्यावरून रोज दोन वाक्यं ऐकतो.

गोडी आणायची कुठून, हा खरा धंदा.
पिएदादबायने कुंपणावरून पपई दिली.
गोड होती, पण माचाशी पटेना,
दोघांना एकमेकांचा वास सहन होईना.
चिकूने रंग चिखलाचा केला.
अननसाने दूध नासवलं, ते मांजरानेही सोडलं.
मे महिन्यात मानकुराद मिळाला, त्याची अर्धी फोड,
तो कप मी उभ्यानेच संपवला
आणि उरलेला आंबा शेवंतीने
माझ्याकडे पाठ करून खाल्ला.
ही तिची माया.

रोजचं म्हणून शेवटी सालदाटी केळं ठरलं.
सालीवर काळे ठिपके यावे लागतात,
देठाशी थोडा दारूसारखा वास.
मग अर्धं कुस्करायचं,
वर नारळाचा पातळ रोस.
कडूपणा उठून जात नाही,
फक्त थोडा सरकून बसतो,
कदंबाच्या बाकावर कुणी सरकावं तसा.

पाकाला घाई करता येते,
एक लाकूड जास्त सारलं की झालं.
केळ्याला कसला जाळ लावणार?
रोज सकाळी अंगठ्याने दाबून बघतो.
आज नाही.
आज नाही.
आयुष्यभर गोड मी केलं,
आता ते होईपर्यंत थांबतो
आणि झालं की अर्ध्यावर झाकून ठेवतो.

पौषात फातर्प्याच्या जत्रेला दुकान गुरुदासने लावलं.
पुतण्या आहे, आलं जरा कमी घालतो, पण शिकेल.
मी मागे खुर्चीवर, थर्मास घेऊन.
एक जुनं गिऱ्हाईक, केपेचा,
म्हणाला, खाजेकार, हे काय पिता, पाल्याचा काढा?
चहा आहे म्हटलं. झाकणात ओतून दिला.
त्याने एक घोट घेतला,
देवळाच्या दिशेने बघितलं,
आणि झाकण परत देत म्हणाला,
अर्धा किलो खाजे द्या, ताजे.

गुरुदास सुटे आणायला गेला होता,
म्हणून मीच तोलले.
बोटांना गूळ लागला, तीळ लागले.
रुमालाला पुसले.

लागल्यापासून पुसेपर्यंत
किती वेळ गेला,
तेवढं शेवंतीला सांगू नका.