काटेवाल्याची साक्ष

शिरपूरच्या सभागृहात पंखे फिरण्यापेक्षा जास्त बोलत होते.
मंचावर समितीच्या तीन खुर्च्या, त्यातली एक रिकामी.
मागे बॅनर: गांजाला राज्यात परवाना द्यावा काय, जनसुनावणी.
'सु' दोरीच्या गाठीत गेलेला,
म्हणून सगळ्यांनी वाचलं, जननावणी.

मी बोलायला आलोच नव्हतो.
मी लोटन भावसार, आडतीत काटा लावतो,
मिरची, हरभरा, सरकी.
वर्षाकाठी दोन-तीनदा मात्र
रात्री दाराशी जीप थांबते:
चला भो, पंच व्हा. काटा घ्या सोबत.

आधी वैद्य कुवर उठले. म्हणाले, ही तर विजया,
मात्रा पाळली तर औषध.
डबी आणली होती दाखवायला.
पोलिसांसमोर ती कोणी उघडेना.

मग जॅकेटवाला एक तरुण, भिंतीवर आलेख:
केळीपेक्षा चौपट, धाग्याचं कापड, महसूल.
'महसूल' अकरा वेळा म्हणाला.
मोजायची सवय जात नाही.

निवृत्त हवालदार धुडकू निकम म्हणाले,
तीस वर्षं उपटतोय मी हे झाड.
माझे गुडघे गेले, झाड आहे तिथेच आहे.
लोक हसले. ते हसले नाहीत.

महाले मॅडम कागद घेऊन उठल्या
आणि कागद न वाचताच बोलल्या.
निहार माझा, इंजिनिअरिंग सोडून तीन वर्षं गच्चीवर बसतो.
वजन एकोणपन्नास किलो.
परवाना द्या, नका देऊ,
तो खाली कधी येईल एवढं सांगा.
आधीच्या सगळ्यांना टाळ्या पडल्या होत्या.

सगळ्यात शेवटी खैरपाणीची रायलीबाई पावरा.
माईक तिच्या कपाळापर्यंत उंच, कोणी खाली केला नाही.
ती म्हणाली, लावलं होतं. तुरीच्या दोन ओळींमध्ये लावलं होतं.
बी देऊन गेला तो गाडीवाला,
माल न्यायला येणार होता तोही तोच.
तो कुठल्याच कागदात नाही.
माझा माणूस चार वर्षं धुळ्याच्या जेलात.
उद्या परवाने वाटाल, तर सातबारा बघून वाटाल.
आमच्या वनपट्ट्याचा कागद तालुक्याला गेलाय
तो अजून परत यायचा आहे.
मग तिने हात केला, माझ्याकडे:
वजन या भाऊने केलं.

सगळी मान वळली. उठावं लागलं.

मी म्हणालो, साहेब, मला बाजू नाही, मला काटा आहे.
ती रात्र पावसानंतरची. जमीन लोण्यासारखी.
झाडं मुळासकट आली, मुळाला ढेकळं,
ढेकळात गांडुळं, जिवंत.
गठ्ठा ठेवला. एकवीस किलो चारशे.
मी विचारलं होतं, माती झटकू?
बॅटरीमागून आवाज आला:
लोटनभो, झटकाझटकी कोर्टात व्हई.
वीसच्या अलीकडे एक कायदा,
वीसच्या पलीकडे दहा वर्षं.
कोर्टात मला विचारलं, सही तुमचीच का?
सही माझीच होती.

सचिवांनी पेनचं टोपण काढलं, परत लावलं.
म्हणजे तुम्ही परवान्याच्या बाजूने की विरोधात?
त्यांच्या वहीत दोनच रकाने होते.
मी म्हणालो, ओलं वजन आणि सुकं वजन वेगळं असतं.
त्यांनी समासात लिहिलं, तांत्रिक.

बाहेर स्टँडवर भजीचा घाणा,
कुठला तरी पोरगा सभेचं बॅनर गुंडाळून नेत होता,
शेळीला आडोसा होईल म्हणत.
रायलीबाई माझ्यापासून दोन हातांवर उभी.
बोलली नाही बराच वेळ.
मग म्हणाली, माती किती असेल त्यात?

मी काही बोलायच्या आत सेंधव्याची एसटी लागली.
तिने पिशवी खांद्याला मारली:
साबण, मीठ, कोर्टाची कागदं, जेलात द्यायचा टॉवेल.
साडेचार किलो, नुसतं बघून सांगतो,
पावशेर इकडे-तिकडे.

माती किती होती
ते कधी मोजलंच नाही.