मुशीत उरलेलं

सकाळी सातला गिरमीट खांद्यावर टाकून
पोनियेम पुढे, वही घेऊन मी मागे.
ब्लॉक चौदा, लागवड सत्त्याण्णवची.
पुढच्या महिन्यात हे सगळे ताड आडवे होणार.

कागद सांगतो, तीन जागची माती घ्या:
बुंध्याभोवतीची, जिथे गवत मारून खत फेकतात;
वाटेवरची, जिथून घडांची ढकलगाडी जाते;
आणि छाटलेल्या झावळ्यांच्या ढिगाखालची.

वाटेत गिरमीट शिरेना.
पोनियेम त्याच्या दांड्यावर पोट टेकून लोंबकळली
तेव्हा कुठे वीतभर माती वर आली,
पिवळट, खापरासारखी, वास नसलेली.
“एकवीस वर्षं मीच तुडवलीय,” ती म्हणाली.
माफी मागत होती की मिरवत होती,
कळलं नाही.

ढिगापाशी तिने आधी काठीने झावळ्या बडवल्या.
साप असतो.
आज नव्हता.
इथे गिरमीट हात न दुखवता आत गेलं.
काळी माती, पांढरी मुळं, अर्धी गोम.
तिने चिमूट नाकाशी धरली:
“टेंपेला बुरशी धरली की असाच वास.”

बाविसाव्या ओळीत, नवव्या झाडाशी ती थांबली.
तेव्हा बराकी इथवर होत्या.
धाकट्याची वार इथेच पुरलीय,
वोनोगिरीहून आणलेल्या मडक्यात,
मीठ घालून, वर पस्तीस रात्री दिवा.
पोर आता बाताममध्ये, जहाजांना रंग देतं.
“मडक्याला लागेल का रे तुझं हे?”

मी चार पावलं सरकून भोक पाडलं.
वहीत तसं लिहिलं नाही.

जांबीच्या प्रयोगशाळेत
मुशीत दहा ग्रॅम माती तोलायची,
भट्टीत साडेपाचशे अंशांवर चार तास ठेवायची,
गार झाली की पुन्हा तोलायची.
पान, मूळ, गोम, जे कधीकाळी जिवंत होतं
ते धूर होऊन गेलेलं असतं.
वजनात जी घट, तोच आकडा.
उरतं त्याची नोंद
आम्ही फक्त वजाबाकीसाठी करतो.

वाट: अडीच. बुंधा: चार.
ढीग, ओळ बावीस: नऊला जरा कमी.

रविवारी तिचा फोन.
“आमच्या ओळीचं किती?”
सांगितलं.
“जरा म्हणजे किती?”
तेही सांगितलं.
मग विचारते, जळल्यावर दिसते कशी?
सारखीच, म्हटलं. तिन्ही जागची,
विटेच्या भुकटीसारखी.

“मग कुठली कोणती, ते कसं कळतं?”

मुशीच्या बुडाला
नंबर कोरलेला असतो.