शब्दाऐवजी

एकतीस वर्षं मी विट्यातल्या घरांना
एकच प्रश्न विचारत आलो:
तू भाड्यानं गेलंस तर तुझे किती येतील?

टेप नगरपरिषदेचा, तीन मीटरवर तुटलेला,
बोटभर तुकडा गाळून रिव्हेट मारलेला.
म्हणजे मी मोजलेली प्रत्येक लांब भिंत
कागदावर बोटभर जास्त आहे.
हे बाबालालला ठाऊक होतं आणि मला.
तो दुसरं टोक भिंतीला टेकवून म्हणायचा, "हं."
घर काही बोलायचं नाही.
मग मीच लिहायचो:
पत्रा. स्लॅब. मोरी बाहेर.
अपेक्षित वाजवी भाडे, दरमहा.
त्यातली निम्मी घरं जन्मात कुणी भाड्यानं मागितली नव्हती.

चोथ्यांचं तीन मजली, ग्रॅनाइटच्या पायऱ्या,
माणसं कोइमतूरला सोनं गाळतात,
दसऱ्याला आठ दिवस दिवे लागतात.
कुलपामुळे ते बाहेरून मोजलं
आणि भिंतींची जाडी अंदाजानं वजा केली.

मग डिसेंबरात, नागपूरला, रात्री सव्वाअकराला
ते विधेयक आलं.
मी ताटावर बसून टीव्हीवर बघत होतो.
खंड चार, पोटखंड दोनमध्ये,
"भाडे" या शब्दाऐवजी
"मूल्य" हा शब्द दाखल करण्यात यावा.
अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे.
होय.
प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे.
कुणीतरी खोकलं.
होयचे बहुमत.
माझा हात अजून आमटीत होता.

फेब्रुवारीत परिपत्रक आलं, सोबत दरांचं कोष्टक.
आता घरांना विचारायचं:
तू विकलं गेलंस तर किती?

साहेब म्हणाले, फरक फक्त गुणाकाराचा आहे.
असेल.
पण भाड्याच्या प्रश्नात घर परत यायचं,
अकरा महिन्यांनी का होईना,
खिळ्यांची भोकं घेऊन, पण यायचं.
या दुसऱ्या प्रश्नातून येत नाही.

सुनावणीला शकुंतला म्हेत्रे आल्या,
नोटीस चार घड्या करून ब्लाउजमध्ये.
मागांची शेड, चार माग, चारही भंगारात गेलेले,
फरशीवर तेलाचे चार चौकोन तेवढे राहिलेत.
पण पुढचा रस्ता रुंद झाला,
आणि कोष्टकात रस्त्याला भाव आहे.

"मला विकायची नाही."
विकायची नाही हो मावशी, विकली असं समजायचं.
"कुणी समजायचं?"
शासनानं.
"मग समजलंय त्यानं भरावं की."

बाबालाल हसला. मी हसलो नाही,
अध्यक्ष समोर बसले होते.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
हरकत तोंडी. पुरावा नाही.

खरं सांगायचं तर
चोथ्यांना आत्ता कुठं बरोबर पट्टी लागली,
इतकी वर्षं त्या ग्रॅनाइटला मी खोलीभाड्यात बसवत होतो.
त्यांनी कोइमतूरहून मोबाइलवर भरली, तासाभरात.
म्हणजे कायदा चुकला असंही मला म्हणता येत नाही.
हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली,
तुम्हाला विचारलंय कुणी?

जूनमध्ये मी निवृत्त होतोय.
पुढच्या वेळी वरून ड्रोन मोजणार आहे,
त्याला दुसरं टोक लागत नाही.

शेवटचा अर्ज माझाच राहिला होता.
लेंगरे रस्ता, दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी.
रविवारी बाबालाल आला, टोक धरलं,
"हं" म्हणाला,
आणि मी माझ्या भिंतीतून
आयुष्यात पहिल्यांदा ते बोट वजा केलं.

मग कोष्टकातून आकडा काढला.
बायकोनं तो दोनदा वाचला.
एवढं?
घराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
आणि उठून
पडवीतल्या दोरीवरचे कपडे काढायला लागली,
ओलेच,
दारात गिऱ्हाईक उभं असल्यासारखे.