अंघोळीची पाटी

तरणतलावात उतरण्याआधी
अंगावर चिंधीही न ठेवता साबणाने अंघोळ:
आमच्या फ्योर्डात हा नियम चर्चपेक्षा कडक.
भिंतीवर पाटी आहे, माणसाची आकृती,
जिथं जिथं घासायचं तिथं लाल ढग.
डोकं, काखा, जांघा, पावलं.
छाती कोरी.

माझ्यावर जांभळ्या शाईनं नकाशा काढला होता
रेक्याविकच्या डॉक्टरीणबाईंनी.
मी उभी, त्या गुडघ्यावर, दातांत पेनाचं टोपण.
"हलू नका, स्टेइन्वोर."
सव्वीस हिवाळे शाळेची बस चालवतेय,
न हलता बसणं मला शिकवायला नको.
कमरेच्या या हाडापासून त्या हाडापर्यंत
होडीच्या तळासारखी रेघ.
इथलं काढून तिथं.
दहा तास.

पोटाचं मांस, पोटाची कातडी,
पोटातल्या शिरा छातीतल्या शिरांना शिवलेल्या
केसाहून बारीक दोऱ्यानं.
रात्रभर दर तासाला नर्स यायची,
छोटं यंत्र टेकवून ऐकायची आत रक्त चालतंय का.
चालत होतं. वायपरसारखं,
काच पुसत, काच पुसत.
दोन मुलगे झाले मला, त्यांच्यासाठीसुद्धा
इतकं कुणी जागलं नव्हतं.
पोटचा गोळा म्हणतात तो हाच, मी म्हटलं,
आणि हसू आलं, आणि टाके ओढले,
आणि मग ते हसू राहिलं नाही.

घरी सहा आठवडे वाकून.
किटली उचलायची नाही.
झोप आरामखुर्चीत, उताणी.
काखेतून, पोटातून नळ्या, टोकाला रबरी फुगे.
थोर्केल ते सकाळ-संध्याकाळ रिकामे करायचा
आणि बंदराच्या वहीत लिहायचा,
हाताशी तीच होती म्हणून:
कॉड, अकरा टन.
हॅडक, चार.
स्टेइन्वोर, डावी चाळीस, पोट पंचावन्न.
आकडा विसाच्या खाली आला तेव्हा
म्हणाला, हंगाम संपला.
मग गाडी धुवायला गेला.
स्वच्छच होती गाडी. तासभर धूत होता.

जे एवढं जपून जगवलं
ते मला काही कळवत नाही.
मार्चमध्ये कॉफी सांडली.
आधी डाग दिसला, मग वास आला,
पोळणं आलंच नाही.
आरसा म्हणतो, छान जमलंय.
सगळेच म्हणतात.

मे महिन्यात तलावावर गेले
पोहण्याचा पोशाख घरूनच घालून,
तशीच नळाखाली.
ड्यूटीवर हेर्दिस.
सहा वर्षांची असल्यापासून माझ्या मागच्या सीटवर,
वळण आलं की ओकायची.
आता एकोणीस, गळ्यात शिट्टी,
परदेशी पाहुण्यांना दारातून परत पाठवणारी.
तिनं मला पाहिलं
आणि टॉवेलांच्या घड्या मोजायला लागली.

गावभर अशीच सूट मिळतेय.
दुकानात रांगेत पुढे जा,
बस काय, पोरगा चालवतोय बरी.
पण हिनं?
हिची ओकारी पुसलीय मी.

"हेर्दिस," म्हटलं, "टोक ना मला."

ती वळली. पाटीवरच्या ढगांएवढी लाल.
घसा खाकरला, आणि मग
पाहुण्यांसाठी ठेवलेल्या आवाजात:
"पोशाख काढा. साबण लावा. काखेतसुद्धा."

काढला.
कोपऱ्यात म्हातारी गुथफिन्ना टाचा घासत होती.
वर बघितलं. पुन्हा टाचा.
डावा हात खांद्यापर्यंतच जातो अजून,
काखेत साबण पोचायला
भिंतीला टेकावं लागलं,
मागे दोघी-तिघी ताटकळल्या,
एकीनं घड्याळही पाहिलं.

उजवीकडे पाणी गरम होतं.
डावीकडे नुसता पाण्याचा आवाज.
बाळाला पहिल्यांदा न्हाऊ घालताना
पाणी आधी कोपराने बघतात.
मी कोपर धरलं धारेखाली.
ठीक होतं.
जरा डावीकडे सरकले.